मठ्ठ, अधिक एक काना

माझ्या भाच्याला आठवीत असताना गणिताच्या सरांनी भर वर्गात 'मठ्ठ' म्हटलं होतं. दीड वर्षानं जगानं त्या शब्दाला फक्त एक काना जोडला आणि पोरगं प्रसिद्ध झालं.

झालं ते असं. मे महिन्यात सांगलीला ताईच्या चुलतनणंदेच्या मुलीचं लग्न होतं. जेवण बुफे. पण नवरीच्या आजीनं, 'ताट हातात धरून उभ्यानंच जेवायचं असेल तर लग्न एसटी स्टँडवर लावा,' असं ठणकावल्यामुळं ज्येष्ठांची एक पंगत बसवायची ठरली. केटररकडं वाढपी नव्हते. टेबलामागं उभी राहणारी, डोक्याला टोपी घातलेली मुलं होती आणि त्यांना वाकायची सवय नव्हती. मग घरातली पोरं कामाला लावली. भाच्याच्या एका हातात स्टीलची बादली आली, दुसऱ्या हातात वगराळं. बादलीत मठ्ठा.

पोराला तेव्हा पंधरा पूर्ण होऊन चार महिने झाले होते आणि नेमका त्याच महिन्यात त्याचा आवाज फुटत होता. या वयात स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि त्यांच्यावर ताबा यायला मालकाला काही महिने लागतात. तोवर सगळा कारभार नवशिक्यानं सोडलेल्या क्लचसारखा. म्हणून पोरानं अख्ख्या लग्नात मौन पाळलं होतं. कुणी 'कितवीत?' म्हणून विचारलं की दहा बोटं दाखवायचा. पण मठ्ठा मुक्यानं वाढता येत नाही. जिलेबी दिसते, मसालेभाताचा वास येतो. बादलीत काय आहे ते मात्र तोंडानंच सांगावं लागतं. अर्धी पंगत त्यानं तशीच, नुसत्या भुवया उडवत काढली. मग आले नवरदेवाचे आजोबा. कानानं अधू, कडक धोतर, वर कोट. त्यांनी मान वर करून विचारलं, "काय आहे रे ते?"

पोरगं वाकलं आणि म्हणालं, "मठ्ठा."

त्यातला 'म' विहिरीतून आला. 'ठ्ठा' प्रेशर कुकरमधून. आजोबा दचकले, द्रोण कलंडला, मठ्ठा धोतरावर. आणि पोरानं चेहऱ्यावरची रेषही न हलवता, या खेपेला संपूर्ण खर्जात, आकाशवाणीवरून बातम्या दिल्यासारखं विचारलं, "अजून वाढू?"

एवढंच. चौदा सेकंद.

नवरदेवाच्या मावसभावानं हे टिपलं ते शेजारच्या पानावर बसलेल्या स्वतःच्या आईचा व्हिडिओ काढताना. त्यानं ते टाकून दिलं आणि तो वरातीत नाचायला निघून गेला. पाठवणी होईस्तोवर चाळीस हजार लोकांनी ते पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाला चार लाख. चौथा अध्याय चालू असताना गुरुजींनीही मांडीखालून फोन काढून बघितला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कथेतल्या साधुवाण्याची नाव त्या दिवशी जरा घाईतच वर आली.

'पोरगं व्हायरल झालंय' असं ताईनं फोनवर सांगितलं तेव्हा आमच्या आईनं 'ताप किती आहे?' असं विचारलं. हा विनोद पुढच्या आठवड्यात मला आणखी सहा जणांनी सांगितला आणि सहाही घरांत तो खरोखरच घडलेला होता. त्याअर्थी तो विनोद नसावा, रोगाचं लक्षण असावं. कारण ताप होताच. फक्त पोराला नव्हता.

पहिल्यांदा तो चढला दोन्हीकडच्या मंडळींना. लग्नातला मानपान हा आपल्याकडं मुळातच नाजूक विषय. कुणाची साडी कितीची, कानपिळ्याला काय दिलं, विहिणीच्या पानाभोवती महिरप होती की नुसतीच रांगोळी, यावर घराणी दोनदोन पिढ्या बोलत नाहीत. त्यात या वर्षी नवीन बाब निघाली : व्हायरल कुणाचा? मुलीकडचे म्हणाले, मुलगा आमचा, मठ्ठा आमचा, कार्यालयाचं भाडं आम्ही भरलंय. मुलाकडचे म्हणाले, फोन आमचा, अकाउंट आमचं, आणि सांडला तो आमच्या माणसावर; धोतर आमचं. केटरर म्हणाला, मी आलं-मिरची-कोथिंबीर वाटून लावली म्हणून तो मठ्ठा उठून दिसला, नाहीतर पांढऱ्या धोतरावर पांढरा मठ्ठा कुणाला दिसणार होता? नवरीच्या एका काकांनी व्हिडिओतलं एक चित्र थांबवून, मागं फिरणाऱ्या पंख्याखालच्या अर्ध्या खांद्याकडं लाल बाण काढून 'हा मी' असं फॅमिली ग्रुपवर टाकलं. त्यांना बावन्न अंगठे आले. याच लग्नाचा एक रीतसर व्हिडिओही होता. त्यात ड्रोन होता, धूर होता, नवरा-नवरी उसाच्या फडात पळत होती. तो एकशे बारा जणांनी बघितला.

या सगळ्यात शहाणं माणूस एकच निघालं, ते म्हणजे आजोबा. त्यांचं म्हणणं, धोतर धुतलं, डाग गेला, मठ्ठा चांगला होता.

दाजींना मात्र निराळाच ताप आला. दाजी बँकेत आहेत. ते कागद-पेन घेऊन बसले. "एका व्ह्यूला दहा पैसे जरी धरले…" इथपर्यंत आले आणि भाच्यानं त्यांना थांबवलं. अकाउंट आपलं नाही, हा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा असा, की यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा हवा असेल तर आधी एक हजार वर्गणीदार लागतात आणि वर्षभरात चार हजार तास लोकांनी बघितलेलं असावं लागतं. दाजींचा चेहरा उजळला. चार हजार तास म्हणजे किती चौदा सेकंद, हे त्यांनी तोंडी काढलं : सव्वादहा लाखांच्या वर. "म्हणजे जवळ आलो की!" भाचा म्हणाला, "पप्पा, छोटे व्हिडिओ त्या तासांत धरत नाहीत. त्यांना नव्वद दिवसांत एक कोटी व्ह्यूज लागतात. आणि मी अठरा वर्षांचा नाही." दाजींनी पेनाला टोपण लावलं. "त्यापेक्षा मुदत ठेव बरी," म्हणाले.

या घराची सूत्रं शेवटी ताईच्या हातात आली आणि ताईनं ती माझ्या हातात दिली. "तू लेख लिहितोस ना? मग तुला यातलं कळत असेल. याचं पुढं काय करायचं ते बघून सांग." लेख लिहिणाऱ्याला प्रसिद्धीतलं कळतं, हा तिचा समज मी मोडला नाही. माझ्या शेवटच्या लेखावर दोन पत्रं आली होती; त्यातलं एक वर्गणी संपल्याचं होतं. पण थोरल्या बहिणीनं सांगितलं म्हणून मी अभ्यासाला बसलो.

ताईच्या डोळ्यांसमोर एकच उदाहरण होतं. एका शाळकरी मुलानं 'चंद्रमुखी'तलं 'चंद्रा' म्हटलं, तो व्हिडिओ महाराष्ट्रभर गाजला, आणि अजय-अतुलनी त्याला 'महाराष्ट्र शाहीर'मध्ये गायला घेतलं. "बघ, असं होतं," ताई म्हणाली.

"ताई, तो गातो. आपला मठ्ठा वाढतो."

"वाढताना सूर लागला की नाही?"

"दोन लागले. एकदम."

मी मग सातासमुद्रापलीकडं गेलो. फेब्रुवारी २०१६, कॅलिफोर्नियातलं रिव्हरसाइड. डॅनियल नावाचा चौदा वर्षांचा मुलगा शाळेत इकडून तिकडं चालतो. त्याचा मित्र रोज मागून फोन धरतो आणि किनऱ्या आवाजात त्याच्या कपड्यांचं, त्यातही पायातल्या पांढऱ्या व्हॅन्स बुटांचं, कौतुक करतो. असे आठवड्या-दोन आठवड्यांतले तुकडे जोडून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ झाला. त्यात पुढं काही घडेल म्हणून मी तो तीनदा बघितला. घडत नाही. मुलगा चालतो, बूट पांढरे आहेत. पण दहा दिवसांच्या आत दोघंही एलन डीजेनेरेसच्या कार्यक्रमात खुर्चीवर बसलेले. डॅनियलला जन्मभर पुरतील एवढे व्हॅन्स बूट मिळाले आणि मित्राला लाटांवर घसरायची फळी.

हे ऐकून ताईनं विचारलं, "चौदाव्या वर्षी? पाय वाढायचेत अजून त्याचे. एकदम सगळे घेतले का? दोन नंबर मोठे घ्यायला हवे होते."

त्याच आठवड्यातली दुसरी हकिकत मी तिला जरा दबकत सांगितली. कुणीतरी मध्यरात्री पोलिसांना फोन करून त्या मित्राच्या घरी गोळीबार झाल्याची थाप मारली आणि पोलीस बंदुका घेऊन दारात. बूट एकाच्या पायात आणि पोलीस दुसऱ्याच्या दारात, अशी ती वाटणी झाली. "म्हणजे व्हिडिओ काढणारा अडकतो," ताई म्हणाली आणि तिला मुलाकडच्यांचा मावसभाव आठवून थोडं बरं वाटलं असावं.

आमच्याकडं बूट आले नाहीत. ताक आलं. गावातल्या एका डेअरीवाल्यानं प्रस्ताव मांडला की भाच्यानं त्याची पिशवी हातात धरून 'मठ्ठा' म्हणायचं, बदल्यात वर्षभर ताक मोफत. याला त्यांच्या भाषेत कोलॅब म्हणतात. अडचण एवढीच होती की भाच्याला ताकानं सर्दी होते. जन्मात त्यानं मठ्ठा तोंडाला लावलेला नाही. पण ताईनं 'घरचे पितील' म्हणून होकार दिला आणि पहिला हप्ता म्हणून वीस लिटरच्या पिशव्या दारात उतरल्या. फ्रीजमध्ये अंडी ठेवायला जागा उरली नाही. सोमवारी कढी. मंगळवारी कढीगोळे. बुधवारी भज्यांची कढी, गुरुवारी शेवग्याच्या शेंगा घालून. शुक्रवारी दाजी बँकेतून परस्पर बाहेर जेवून आले आणि तोंड वळवून झोपले.

यानंतर मी प्रिया प्रकाश वारियरकडं वळलो, आणि इथं मला जरा जास्त वेळ लागला हे कबूल करतो. फेब्रुवारी २०१८. केरळातल्या त्रिशूरची अठरा वर्षांची, बी.कॉम.ला शिकणारी मुलगी. 'ओरु अडार लव्ह' या सिनेमात ती काही नायिका म्हणून आलेली नव्हती. पण गाण्यात शाळेचा गणवेश घालून तिनं आधी एक भुवई उडवली, मग दुसरी, आणि मग डोळा मारला. एका दिवसात इन्स्टाग्रामवर सहा लाख माणसं तिच्यामागं लागली. आपल्याकडं कुणी एका दिवसात एवढी माणसं गोळा करायची म्हणजे ट्रक लागतात.

आमच्या वेळी शाळेत कुणी डोळा मारला तर प्रकरण मुख्याध्यापकांपर्यंत जायचं. हिचं थेट सरन्यायाधीशांपर्यंत गेलं. गाणं मापिला परंपरेतलं, चाळीसेक वर्षं केरळात लग्नाकार्यात म्हटलं जाणारं. तोवर त्यात कुणाला वावगं दिसलं नव्हतं. भुवई उडाली आणि दिसलं. हैदराबादला दिग्दर्शकावर भावना दुखावल्याचा गुन्हा दाखल झाला. तक्रारी महाराष्ट्रातूनही गेल्या. २१ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानं कारवाईला स्थगिती दिली आणि ३१ ऑगस्टला गुन्हा रद्द केला. डोळा मिटून उघडायला अर्धा सेकंद लागला होता. तो कायद्यानं उघडून मिळायला साडेसहा महिने लागले. पोरांचं जे काही असतं ते असं अर्ध्या सेकंदाचं असतं. बाकीचा सगळा खटाटोप मोठ्यांचा. अठरा वर्षांची मुलगी भुवई उडवून घरी जाते. कागद काळे करतात ते पन्नाशीचे लोक, ज्यांना खरंतर त्या वेळी दुसरं काम असायला हवं होतं.

आमच्या मठ्ठ्यावर कोर्टकचेरी झाली नाही, पण शुद्धलेखन झालं. एका गृहस्थांनी खाली लिहिलं की 'मठ्ठा' चूक, ठ ला ठ जोडत नाहीत, 'मट्ठा' बरोबर. झालं. दुसऱ्यानं शब्दकोश काढला. तिसऱ्यानं पहिल्याच्या 'जोडत नाहींत'मधला अनुस्वार काढला. चौथा म्हणाला, आमच्या भागात याला नुसतं ताक म्हणतात आणि तेच चांगलं असतं. पाचव्यानं विचारलं, तुमचा भाग कुठला. तिथून ते प्रकरण पाण्याच्या वाटपावर गेलं. तीनशे प्रतिक्रिया झाल्या, त्यात पोराबद्दल अकरा.

त्या अकरांतल्या चार वाचून मात्र माझं डोकं फिरलं. त्याच्या मुरमांबद्दल होत्या, कानांबद्दल होत्या. लिहिणाऱ्यांपैकी एकाच्या फोटोत त्याच्या मांडीवर नातू होता. भाच्यानं त्या आधीच वाचल्या होत्या. "वर्गात याच्यापेक्षा वाईट बोलतात, मामा," म्हणाला. मला काय बोलावं सुचलं नाही. अभ्यासात मला असलंही बरंच सापडलं होतं. २००३ साली कॅनडातल्या क्वेबेकमध्ये एका मुलानं शाळेत गोल्फचे चेंडू गोळा करायची काठी तलवारीसारखी फिरवत, एकट्यानं, स्वतःपुरती काढलेली टेप वर्गमित्रांनी जगाला दाखवली. घरच्यांना शेवटी त्या मुलांच्या आईबापांवर दावा लावावा लागला. रिबेका ब्लॅकचंही असंच. तेरा वर्षांची. आईनं चार हजार डॉलर मोजून तिच्यासाठी शुक्रवारवरचं एक गाणं आणि त्याचा व्हिडिओ करून घेतला. २०११च्या मार्चमध्ये अख्ख्या जगानं ते सर्वांत वाईट गाणं ठरवलं आणि यूट्यूबवर सर्वाधिक नापसंतीचा विक्रम त्याच्या नावावर लावला. गुरुवारनंतर शुक्रवार येतो आणि त्यानंतर शनिवार, एवढंच सांगणाऱ्या पोरीवर एवढा राग कशासाठी, मला अजून समजलेलं नाही. बाई चिवट निघाली. गात राहिली. दहा वर्षांनी तिनं तेच गाणं नव्यानं, ठणठणाटात काढलं आणि त्यावर नाचलीही.

हे दोन्ही मी ताईला सांगितलं नाही.

तिला सांगण्यासारखं एक मला घराजवळच मिळालं. या उद्योगातला एक मोठा कारखानदार आपल्या छत्रपती संभाजीनगरचा, हे माझ्या लक्षातच नव्हतं. यशराज मुखाटे. शिकला इंजिनिअरिंग. २०२०च्या ऑगस्टमध्ये त्यानं एका हिंदी मालिकेतल्या सासूबाईंच्या, स्वयंपाकघरात कोण होतं या चौकशीला चाल लावली आणि देशभर लोक रिकाम्या कुकरची काळजी करू लागले. पुढं फेब्रुवारी २०२१मध्ये पाकिस्तानातली एकोणीस वर्षांची दनानीर मोबीन नथिया गली या थंड हवेच्या ठिकाणी मैत्रिणींबरोबर गेली असताना फोन फिरवून म्हणाली, ही आमची गाडी, हे आम्ही, आणि ही आमची 'पावरी'. पार्टी म्हणायचं होतं. परदेशी उच्चारांची टिंगल म्हणून मुद्दाम तसं म्हणाली. पाचएक सेकंद. यशराजनं त्याला ठेका दिला आणि दोन्ही देशांनी, बाकी कशावर एकमत नसताना, त्यावर नाच केला. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनीसुद्धा रात्री उशिरा चाललेल्या पावरीबद्दल तक्रार कुठं करायची ते कळवलं. ती मुलगी आता तिकडं मालिकांत काम करते.

दाजी उठून बसले. "संभाजीनगरचा? तिथं सिडकोत आपली आत्या आहे. तिला सांगू."

मी म्हटलं, दाजी, त्याला इंटरनेटवरून पाठवता येतं. पण दाजींच्या मते ओळखीनं गेलेलं काम वेगळं असतं. आत्यानं दोन दिवस चौकशी केली आणि एका बँडवाल्याचा नंबर पाठवला.

भाचा या सगळ्यात कुठं होता? तर क्लासला. सकाळी सात ते नऊ, संध्याकाळी पाच ते सात. जो क्लास त्याला दर महिन्याला 'पालकांनी भेटावे' असं लिहून देत होता, त्यानं त्याचा फोटो बाहेरच्या फलकावर लावला. बोर्डात आलेल्या मुलांच्या शेजारी, फक्त टक्के न लिहिता. मुलांनी दोन दिवस त्याला मठ्ठा म्हणून हाका मारल्या. तिसऱ्या दिवशी शाळेच्या गटारात घोरपड निघाली आणि ते तिकडं वळले. "मामा, अल्गोरिदम उचलतं आणि सोडतं," भाचा मला समजावून सांगत होता. "पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे. माझ्यात आजोबा दचकतात ते तिसऱ्या सेकंदाला. म्हणून चाललं. त्यात माझं काही नाही." एवढं स्वच्छ विश्लेषण मी समीक्षकांकडूनसुद्धा ऐकलेलं नाही. मग पुस्तकात डोकं घालून म्हणाला, "त्रिकोणमिती मात्र काही केल्या उचलत नाहीये."

त्याला मी नोएडाच्या त्या मुलाचं सांगितलं. मार्च २०२२, मध्यरात्र. एकोणीस वर्षांचा मुलगा पाठीला पिशवी लावून रस्त्यानं पळतोय. चित्रपट दिग्दर्शक विनोद कापडी गाडी शेजारून चालवत त्याला पुन्हा पुन्हा म्हणतायत, बस, सोडतो. तो नाही म्हणतोय. हॉटेलातली पाळी संपवून दहा किलोमीटर घरी पळत जायचं, कारण सैन्यभरतीचा सराव करायला दिवसा वेळ नाही, आणि घरी पोचून स्वयंपाक करायचाय. भाच्याला ते आवडलं. "गाडीत बसला असता तर व्हिडिओच झाला नसता," म्हणाला. स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "ऐकलंस ना? घरी जाऊन स्वयंपाक करायचा होता त्याला!"

जूनमध्ये लग्नाच्या शेवटच्या तिथींना दोन अनोळखी घरांतून निमंत्रणं आली. आहेर नको, फक्त वाढायला या. दाजींनी पोराला नवीन सदरा घेतला. मी सोबत गेलो. पंगतीत भाचा बादली घेऊन आला की सगळ्यांचे फोन वर. प्रत्येकाला आपल्याच पानासमोर 'मठ्ठा' हवा. द्रोण तसेच भरलेले. कुणी तोंडाला लावेना, कारण एका हातात फोन आणि दुसरा त्याच्या खांद्यावर. मला २०२५च्या जानेवारीतला प्रयागराजचा कुंभमेळा आठवला. मध्य प्रदेशातल्या महेश्वरहून माळा विकायला आलेली सोळा वर्षांची मुलगी डोळ्यांमुळं देशभर गाजली आणि तिच्याभोवती ही गर्दी झाली. माळ कुणी घेईना. सगळ्यांना तिच्याबरोबर फोटो हवा. धंदा बसला. शेवटी बापानं तिला घरी धाडलं. इथं निदान माल दुसऱ्याचा होता. केटररनं उरलेला मठ्ठा आम्हालाच दिला. ताईनं दार उघडलं आणि आमच्या हातातल्या कॅनकडं बघून ती काही न बोलता आत गेली.

आता सत्कार.

चौकात फ्लेक्स लागला. वर सत्तावीस चेहरे, मध्ये हात जोडून उभे असलेले प्रभागातले इच्छुक नगरसेवक, आणि खाली डाव्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा भाचा. मजकूर असा, 'सांगलीचा आवाज महाराष्ट्रभर पोहोचवल्याबद्दल भव्य नागरी सत्कार'. मुहूर्त गणपतीतला, मंडळाच्या स्टेजवर. निवडणूक कधीही लागेल म्हणून सत्कार अगदी धरून ठेवल्यासारखे चालले होते. रक्तदान करणाऱ्याचा, सर्प पकडणाऱ्याचा, एकाचा तर नुसताच वाढदिवस होता म्हणून.

पण गणपतीला अजून पंधरा दिवस असताना भाच्याचा मला फोन आला. "मामा, तो आवाज गेला."

मला वाटलं घसा बसला. "गरम पाण्याच्या गुळण्या कर."

"तसा नाही. बसला म्हणजे… नीट बसला."

खरंच होतं. फोनवर मला आधी दाजीच वाटले होते. दोन-अडीच महिन्यांत गळ्यातलं काम पुरं झालं होतं. खालपासून वरपर्यंत एकच गुळगुळीत, खणखणीत, कर्जवसुली अधिकाऱ्याला शोभेल असा आवाज. त्यानं न्हाणीघरात दार लावून जुना 'ठ्ठा' काढायचा प्रयत्न केला. शेजारच्यांनी कुत्रं आणलंय का म्हणून विचारलं. ताईनं इच्छुकांच्या ऑफिसात निरोप धाडला की सत्कार राहू द्या. उत्तर आलं, "वहिनी, फ्लेक्स लागलाय."

चौथ्या दिवशी आरतीनंतर स्टेजवर त्याला शाल घातली, हातात नारळ दिला. खाली तीन-चारशे माणसं. बारक्या पोरांना खांद्यावर घेतलेलं. निवेदकानं, "ज्या आवाजासाठी आपण इतका वेळ थांबलात…" असं म्हणून माइक पुढं केला. भाच्यानं माझ्याकडं बघितलं, मी दुसरीकडं बघितलं.

"मठ्ठा," तो म्हणाला.

सुंदर म्हणाला. भारदस्त, स्वच्छ. मांडवात शांतता. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी शेजारणीला सांगितलं, "हा त्याचा थोरला भाऊ दिसतोय." मागून कुणीतरी ओरडलं, "ओरिजिनल आणा की!" हशा पिकला. निवेदकानं पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. पुन्हा तेच, उलट जरा जास्तच खर्जात.

इच्छुक पुढं झाले. कार्यक्रम आपल्या नावावर आहे आणि तो पडतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं असणार. सकाळपासून नऊ मंडळांत भाषणं करून आले होते, घसा साफ खरवडलेला. त्यांनी माइक हिसकावल्यासारखा घेतला. "अरे असं नाही बाळा, घाबरतो काय! असं म्हणायचं…" त्यांनी छाती भरून श्वास घेतला, एक हात वर केला.

'म' निघाला. 'ठ्ठा' निघालाच नाही. जे निघालं ते घशातून फाटत वर गेलं, स्पीकरनं ते उचलून किंचाळी मारली, एक पोर भोकाड पसरून रडायला लागलं आणि इच्छुकांच्या गळ्यातला हार तुटून झेंडूची फुलं स्टेजवर घरंगळली. त्यातल्या एकावरून पाय घसरून ते खुर्चीत बसले. म्हणजे खुर्ची तिथं होती म्हणून.

मांडवातले सगळे फोन एकदम वर गेले होते.

भाचा स्टेजवरून उतरून माझ्याशेजारी येऊन बसला. नारळ त्यानं माझ्या मांडीवर ठेवला, शाल खांद्यावरून काढून खुर्चीच्या पाठीला टाकली आणि फोन काढला. तो स्टेजवरही त्याच्या डाव्या हातात होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं. बराच वेळ त्याची बोटं चालली होती. मध्येच थांबली.

"मामा," त्या नव्या, गंभीर आवाजात त्यानं विचारलं, "'इच्छुक'मधला च्छ कसा काढायचा?"